मदत हवी आहे: कॅशलेस क्लेम असूनही गॅरेज १४,४०० मागतंय

अनघा_वारजे
नमस्कार. वारज्याच्या पुलाखाली सर्व्हिस रोडला गाडीला मागून टेम्पोने ठोकलं. कुणाला लागलं नाही. गाडी कंपनीच्या गॅरेजला टाकली आहे, क्लेम नोंदवलाय, सर्व्हेअरचं मोबाइलवर फोटो-व्हिडिओचं काम झालं. पॉलिसी फुल आहे, कॅशलेस आहे. तरी आज सर्व्हिस ॲडव्हायझरचा फोन, "मॅडम, तुमच्या बाजूने १४,४०० येतील, मान्य असेल तर काम सुरू करतो." चूक टेम्पोवाल्याची, हप्ता मी दरवर्षी वेळेवर भरते, मग हे पैसे मी का द्यायचे? त्याला संध्याकाळपर्यंत कळवायचंय. बाबांना डायलिसिसला न्यायला गाडी लागते, रिक्षाने त्यांचे फार हाल होतात. भरू की भांडू, लवकर सांगा.

चिंचवडचा_सचिन
गाडी कुठली, किती साली घेतली, काय काय तुटलंय, एस्टिमेट किती, झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) आहे का, एनसीबी (क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) किती टक्के? यातलं एकही लिहिलेलं नाही. १४,४०० बरोबर की चूक हे कसं सांगणार?

गॅरेजवाले_तात्या
ताई, गाडी आधी तिथून बाहेर काढा. माझं हडपसरला तीस वर्षं डेंटिंग-पेंटिंगचं काम आहे. कंपनीच्या गॅरेजात पत्रा ठोकून सरळ करत नाहीत, थेट पार्ट बदलतात. बाहेर निम्म्यात होईल.

सदाशिव_पेठी
पीयूसी चालू आहे ना? पीयूसी नसेल तर क्लेम बसत नाही, आधी ते बघा.

विमा_सल्लागार_मीना
@सदाशिव_पेठी, हे चुकीचं आहे. ऑगस्ट २०२० मध्ये विमा नियामक इर्डाने स्वतःच स्पष्ट केलंय की पीयूसी नाही म्हणून क्लेम नाकारता येत नाही. पीयूसी ठेवायलाच हवी, पण त्याचा या क्लेमशी संबंध नाही. लोक घाबरून क्लेमच टाकत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.
अनघाताई, "फुल" म्हणजे काय ते पॉलिसीच्या पहिल्या पानावर बघा. ॲड-ऑनच्या रकान्यात "झिरो डेप्रिसिएशन" किंवा "निल डेप्रिसिएशन" लिहिलंय का? नसेल तर सुट्या भागांवर घसारा कापला जाणारच. कॅशलेस म्हणजे विमा कंपनी तिचा वाटा थेट गॅरेजला देते, एवढंच. तुमचा वाटा तुम्हालाच द्यावा लागतो.

अनघा_वारजे
स्विफ्ट पेट्रोल, २०१९. झिरो डेप नाही, पाच वर्षांनंतर देत नाही असं एजंट म्हणाला होता. पण मला कळत नाही, टेम्पोने ठोकलं तर माझ्या गाडीचा घसारा मध्ये कुठून आला? बंपर काल फुटला, २०१९ ला नाही.

न्यू_जर्सीकर
आमच्याकडे मागून ठोकणाऱ्याच्या विमा कंपनीकडे थेट क्लेम टाकता येतो. स्वतःच्या कंपनीकडून कोलिजन कव्हरखाली दुरुस्ती करून घेतली तरी ती नंतर समोरच्याच्या कंपनीकडून वसूल करते आणि बऱ्याचदा आपलं डिडक्टिबलही (क्लेममधला आपण भरायचा ठरलेला भाग) परत मिळतं. तुम्ही टेम्पोच्या विमा कंपनीला फोन लावलात का?

वकील_कोथरूड
भारतात फोन लावून ते होत नाही. टेम्पोच्या थर्ड पार्टी विम्यात दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान साधारण ७.५ लाखांपर्यंत धरलेलं असतं, पण ते मागायला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावं लागतं. पुण्यात ते शिवाजीनगर कोर्टात. माझा सल्ला, तिथेच जा. नंबर प्लेटचा फोटो असेल तर एम-परिवहन ॲपवर टेम्पोचा विमा चालू आहे का ते लगेच दिसेल. पोलीस ठाण्यात नोंद केली का?

चिंचवडचा_सचिन
वकीलसाहेब, एका बंपरसाठी न्यायाधिकरण? तारखा पडत राहतील आणि गाडी तोवर फुटक्या बंपरवर चालवायची? ताईंना गाडी डायलिसिससाठी हवी आहे.

वकील_कोथरूड
प्रत्येकजण असाच विचार करतो म्हणून चूक करणारा मोकळा सुटतो. दुरुस्ती थांबवा असं मी म्हणत नाही. फोटो, बिलं आणि पोलिसांतली नोंद जपून ठेवली तर खिशातून गेलेला भाग नंतर मागता येतो. एकाच नुकसानीचे पैसे दोन्हीकडून घेता येत नाहीत, एवढं ध्यानात ठेवा. आणि टेम्पोवाल्याला "तक्रार नाही" असं काही लिहून दिलंय का? तसं दिलं असेल तर तुमच्या विमा कंपनीचा वसुलीचा हक्कही अडकतो.

अनघा_वारजे
लिहून दिलं नाही, पैसेही घेतले नाहीत. प्लेटचा फोटो आहे. वारजे पोलीस ठाण्यात जाऊन आले, नोंद घेतली. एस्टिमेट आत्ता व्हॉट्सॲपवर मागवलं, जीएसटी धरून असं आहे:
मागचा बंपर ३,२००, डिकीचं दार ९,५००, डावा टेल लॅम्प ३,४००, क्लिपा वगैरे ६००, पेंटिंग ८,४००, डेंटिंग-फिटिंग मजुरी ४,५००. एकूण २९,६००. एनसीबी ५० टक्के.

विमा_सल्लागार_मीना
आता बोलता येईल. घसारा मध्ये कुठून आला याचं उत्तर आधी देते. ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा) हा तुमच्या गाडीच्या आजच्या किमतीचा करार आहे, कुणाची चूक होती याच्याशी त्याचा संबंध नाही. जुना भाग जाऊन नवा येतो, त्यातला वापरलेला हिस्सा कंपनी देत नाही. प्लास्टिक-रबरवर ५० टक्के कापतात, गाडी कितीही नवी असो. धातूच्या भागावर वयानुसार, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के. काचेवर शून्य. मजुरीवर घसारा नसतो.

म्हणजे बंपरचे १,६०० मिळतील, दाराचे ५,७००, लॅम्पचे १,७००, मजुरी पूर्ण ४,५००. क्लिपा कंझ्युमेबल म्हणून जातील, शून्य धरा. पेंटिंगचं मात्र नीट वाचा. एकत्र बिल असेल तर त्यातला २५ टक्के भाग रंगाचा माल धरतात आणि फक्त त्या मालावर ५० टक्के घसारा. ८,४०० पैकी माल २,१००, कापायचे १,०५०, तुम्हाला मिळणार ७,३५०. सगळं मिळून २०,८५०. १५०० सीसीच्या आतली गाडी असल्याने सक्तीचे १,००० वजा. कंपनी देणार १९,८५०, तुमचे ९,७५०.

गॅरेज १४,४०० म्हणतंय. वरचे ४,६५० कशाचे, हे त्याला लेखी विचारा. माझा अंदाज आहे की पूर्ण पेंटिंगवर ५० टक्के कापलेत. तो फरक ३,१५० चा होतो.

अनघा_वारजे
विचारलं! पेंटिंगचं अगदी तसंच निघालं, ४,२०० धरलेत. उरलेले १,५०० "क्लेम प्रोसेसिंग चार्जेस" म्हणे. हे काय असतं?

विमा_सल्लागार_मीना
पॉलिसीत असलं काही नसतं. क्लेमची फाइल हाताळायला गॅरेज आपल्या मर्जीने लावतं. नकार द्या. ॲडव्हायझरच्या तोंडी आकड्यावर कुणीही पैसे भरू नयेत, सर्व्हेअरची असेसमेंट शीट मागायची. ती तुमच्या हक्काची आहे. गॅरेज देत नसेल तर विमा कंपनीला मेल करून मागा.

हिंजवडी_आयटी
हेच माझ्या बाबतीत झालं होतं. म्हणून सांगतो, डॅशकॅम बसवा, पुढे-मागे दोन्ही. आणि नवले पुलाच्या बाजूने रात्री जाऊच नका.

कात्रजकर
नवले पुलाचा उतार हा खरा प्रश्न आहे. अवजड ट्रक न्यूट्रलवर सोडतात, ब्रेक तापून निकामी होतात. इतके जीव गेले तरी...

हिंजवडी_आयटी
@कात्रजकर अगदी. स्वामीनारायण मंदिरापासून खाली येताना आरसा सोडून दुसरीकडे बघवत नाही.

चिंचवडचा_सचिन
मूळ विषयाकडे येऊ या. मीनाताईंचा हिशोब बरोबर आहे, पण मोठा प्रश्न राहिलाच. हा क्लेम घ्यावाच का? अनघाताई, पॉलिसीत एनसीबी वजा होण्याआधीचा ओन डॅमेजचा हप्ता किती आहे? टीपीचा (थर्ड पार्टी) नको, फक्त ओडीचा (ओन डॅमेज).

अनघा_वारजे
९,०००. त्यातून ४,५०० वजा केलेत. सचिनदादा, त्याचा इथे काय संबंध?

चिंचवडचा_सचिन
क्लेम घेतला की एनसीबी शून्यावर. पुढच्या वर्षी ४,५०० जास्त. मग २०, २५, ३५, ४५ असं चढत पुन्हा ५० ला पोचायचं. ५० च्या तुलनेत दरवर्षीचा फरक काढला तर ४,५००, २,७००, २,२५०, १,३५०, ४५०. एकूण ११,२५०, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे तेरा हजारांच्या आसपास. गाडीची किंमत उतरते तसा हप्ताही उतरतो, म्हणून थोडं कमी धरा, बारा.
आता बेरीज करा. क्लेम घेतलात तर ९,७५० आज आणि बारा हजार हळूहळू. जवळपास बावीस हजार. तात्या बाहेर किती घेतील?

गॅरेजवाले_तात्या
फोटो टाका. दार बदलायचं नसेल आणि बंपर नवा, तर १४ हजारांत मी करून देतो. लॅम्प ओरिजिनलच घालायचा, डुप्लिकेट लॅम्पमध्ये पाणी शिरतं.

सदाशिव_पेठी
मग सरळच आहे. क्लेम मागे घ्या.

विमा_सल्लागार_मीना
मागे घेता येतो. कंपनीने पैसे दिलेले नसतील तर एनसीबी राहतो, पण "क्लेम विदाउट पेमेंट बंद केला" असं मेलवर लेखी घ्या. नूतनीकरणाच्या वेळी सिस्टिममध्ये क्लेम दिसला की वाद होतो.

डोंबिवली_फास्ट_लेन
ॲक्टिव्हालाही झिरो डेप मिळतं का? माझं पुढचं मडगार्ड फुटलंय.

गॅरेजवाले_तात्या
थांबा, एक सांगायचं राहिलं. मागून ठोकलेल्या गाडीचा बंपर बघून काही कळत नाही. प्लास्टिक आत दबतं आणि परत बाहेर येतं, मागचा पत्रा मात्र दबलेलाच राहतो. ताई, गॅरेजला जा, डिकीतला गालिचा उचला, स्टेपनी बाहेर काढा आणि तिचा खड्डा बघा. तळाला वळी पडलीय का, जोडावरचं सीलंट तडकलंय का, रंगाचे पापुद्रे निघालेत का. मग डिकीचं दार लावून दोन्ही बाजूंची फट बोटाने तपासा. एका बाजूला बोट जातं आणि दुसऱ्या बाजूला जात नाही, असं असेल तर बॅक पॅनल सरकलाय. मग १४ हजारांत होणार नाही, हे मी आताच सांगतो.

चिंचवडचा_सचिन
आणि सर्व्हेअरने मोबाइलवर फक्त बाहेरचे फोटो पाहिलेत. आतलं नुकसान त्याच्या कागदावर नाही. काम सुरू होण्याआधीच सांगायला हवं, बंपर उतरवून पुन्हा सर्व्हे मागा. नंतर सांगितलं तर कंपनी म्हणेल हे या अपघाताचं नाही.

अनघा_वारजे
आत्ताच जाऊन आले. स्टेपनीच्या खड्ड्यात डावीकडे वळी आहे, हाताला लागते, सीलंट चिरलंय. दाराची डावी फट अगदी बंद झालीय. मी फोटो काढून ॲडव्हायझरसमोरच विमा कंपनीला मेल केला. तो म्हणत होता "हे नंतर बघू, आधी हो म्हणा." मी हो म्हटलं नाही.

वकील_कोथरूड
उत्तम केलंत. सर्व्हेअरने दाद दिली नाही तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी द्या, मग इर्डाच्या बीमा भरोसा पोर्टलवर. महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. त्यांचं कार्यालय पुण्यातच आहे, नारायण पेठेत, आणि तक्रारीला फी नाही.

न्यू_जर्सीकर
डिकी नीट बसली नाही तर धूर आत येऊ शकतो. आजारी माणूस मागे बसत असेल तर ते आधी बघा.

अनघा_वारजे
अपडेट देते, कारण पुढे कुणाला उपयोग होईल. सर्व्हेअर प्रत्यक्ष आला, बंपर उतरवून बघितलं. सप्लिमेंटरी एस्टिमेटमध्ये बॅक पॅनल ४,२००, फ्लोअर ओढून वेल्डिंगची मजुरी ६,५०० आणि वाढीव पेंटिंग ३,००० मंजूर झालं. एकूण ४३,३००. असेसमेंट शीट मिळाली, माझा वाटा ११,८०५. क्लेम प्रोसेसिंगचे १,५०० काढून टाकले.

गॅरेजवाले_तात्या
बॅक पॅनलसकट मी पंचवीस हजारांत केलं असतं आणि तुमचा एनसीबी वाचला असता.

चिंचवडचा_सचिन
तात्या, ११,८०५ अधिक बारा हजार म्हणजे चोवीसच्या आत. इकडे निम्मे पैसे पुढच्या पाच वर्षांत जाणार, वेल्डिंगची लेखी वॉरंटी मिळणार. क्लेम घेतला ते बरोबरच झालं.

गॅरेजवाले_तात्या
वॉरंटी मी पण देतो.

अनघा_वारजे
तात्या, तुमच्या सांगण्यामुळेच गालिचा उचलला, त्याबद्दल मनापासून आभार. क्लेम घेतेय. खिशातून जाणाऱ्या ११,८०५ साठी टेम्पोवाल्याला वकिलामार्फत नोटीस द्यायचा विचार आहे. वकीलसाहेब, मूळ बिलं गॅरेज विमा कंपनीला पाठवणार. माझ्याकडे शिक्का मारलेल्या झेरॉक्स राहिल्या तर चालतील का?

वकील_कोथरूड
चालतील. असेसमेंट शीट आणि तुम्ही भरलेल्या रकमेची पावती मात्र मूळ तुमच्याकडे ठेवा. पोलीस ठाण्यातल्या नोंदीची प्रतही याच आठवड्यात घेऊन ठेवा.