बातमीच्या वेषातली जाहिरात: तक्रार कुठे करायची?

माळवी वाचक, इंदूर
आमच्याकडे येणाऱ्या एका राष्ट्रीय हिंदी दैनिकाच्या इंदूर पानावर एका गृहप्रकल्पाचं कौतुक बातमी म्हणून छापून आलंय. तोच मजकूर, शब्दही न बदलता, दुसऱ्या दैनिकातही आहे. 'जाहिरात' असं कुठेच लिहिलेलं नाही. संध्याकाळी वृत्तवाहिनी लावावी तर दिल्लीतली भांडणं. माळव्यातल्या सोयाबीनच्या भावाबद्दल चकार शब्द नाही. दोन्हींची तक्रार करायची आहे. कुठे करू?

कात्रणवाली
दैनिकासाठी भारतीय प्रेस परिषद, पण आधी संपादकाला पत्र. लोक ही पायरी गाळतात आणि तिथेच अडकतात. संपादकाचं नाव अंकातल्या मुद्रक-प्रकाशकाच्या बारीक ओळीत सापडेल. पत्रात तारीख, आवृत्ती, पान आणि नेमका आक्षेप लिहा. समाधान झालं नाही तर परिषदेकडे जा. दैनिकासाठी मुदत छापल्यापासून २ महिने. मूळ कात्रण, त्याचा इंग्रजी अनुवाद, संपादकाशी झालेला पत्रव्यवहार आणि हे प्रकरण न्यायालयात नसल्याचं लेखी निवेदन जोडा.

'पैसे घेतले' असं मात्र लिहू नका. मजकूर सारखा असणं हा पैशाचा पुरावा नव्हे. दोघांनीही एकच प्रेस नोट उतरवलेली असू शकते. 'जाहिरात बातमीपासून वेगळी दाखवलेली नाही' एवढंच म्हणा आणि दोन्ही कात्रणं शेजारी ठेवा.

निवडणुकीत असं दिसलं तर जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समितीकडे धाव घ्या. पेड न्यूज, म्हणजे पैसे घेऊन छापलेली बातमी, ठरली की तो खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरला जातो. आपल्याच इंदूरच्या पत्रकार प्रभाष जोशींनी २००९ मध्ये अखेरपर्यंत याविरुद्ध रान उठवलं होतं.

जुना उपसंपादक
वाहिन्या प्रेस परिषदेच्या कक्षेत येत नाहीत. वाहिनी एनबीडीएची, म्हणजे वृत्तवाहिन्यांच्या संघटनेची, सदस्य असेल तर प्रक्षेपणापासून ७ दिवसांत आधी वाहिनीकडेच तक्रार करा, मग एनबीडीएसएकडे, म्हणजे त्याच संघटनेच्या तक्रारी ऐकणाऱ्या प्राधिकरणाकडे. कार्यक्रमाचं नाव, तारीख, वेळ आणि आक्षेपार्ह वाक्य हवंच. 'रोज आरडाओरडा असतो' यावर कुणी निर्णय देऊ शकत नाही.

सोयाबीनचं दुखणं वेगळं आहे. काय दाखवायचं हा संपादकाचा अधिकार, त्यावर तक्रार चालत नाही. चार पाहुणे बसवून तासभर चर्चा करणं स्वस्त पडतं. मंडीत बातमीदार आणि कॅमेरा पाठवायला गाडी, दिवस आणि पगार लागतो. जिल्ह्यातलं काम बहुतेकदा बातमीमागे पैसे मिळणाऱ्या स्ट्रिंगरवर ढकललेलं असतं, त्यामुळे चार दिवस खपून शोधलेली बातमी त्याला परवडतच नाही. हे मला सगळ्यात घातक वाटतं.

माळवी वाचक, इंदूर
ताई, दादा, आभारी आहे. परिषदेनं दोषी ठरवलं तर दंड होतो का?

कात्रणवाली
नाही. १९७८ च्या प्रेस परिषद कायद्याच्या कलम १४ नुसार ताकीद किंवा निर्भर्त्सना, इतकंच. पण तो निर्णय वृत्तपत्रात छापायला परिषद सांगू शकते. आधी संपादकाला पत्र टाका, आणि पोच जपून ठेवा.