मदत हवी आहे: हर्णैच्या लिलावात आत्याचा चेहरा काळाच येतो

नमस्कार मंडळी,

माझी आत्या तीस वर्षं हर्णै बंदरावर मासळी विकतेय. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून यंदाचा मोसम तिचा शेवटचा. १ जूनला मासेमारी बंद व्हायच्या आत तिचा एक नीट फोटो काढायचाय, मागे समुद्रातला सुवर्णदुर्ग किल्ला असलेला. घरातले तिचे सगळे फोटो लग्नकार्यातले आहेत. लिलावात उभी असलेली आत्या एकाही फोटोत नाही.

कॅमेरा सेकंडहँड डीएसएलआर, सोबतची १८-५५ लेन्स. चार वेळा संध्याकाळच्या लिलावाला जाऊन आलो. बैलगाड्या पाण्यात शिरून बोटींवरची मासळी आणतात, वाळूवर ढीग लागतात, भोवती माणसांचं कडं पडतं आणि बोली सुरू होते. ऑटोवर काढलं की आभाळ सुरेख येतं, आत्याचा चेहरा मात्र काळाठिक्कर. एक्सपोजर, म्हणजे फोटोतला उजेड, वाढवलं तर चेहरा दिसतो, पण किल्ला पांढऱ्यात पुसला जातो. फ्लॅश मारला तर पापलेटं चमकतात आणि आत्या डोळे मिटते.

एकच फोटो मनासारखा आलाय, तिच्या हाताचा. बर्फाने सुरकुतलेली बोटं, शेपटीशी धरलेला रावस, अंगठ्याच्या नखाला चिकटलेला खवला. तो पाहिला की वाटतं, चेहराही जमेल.

दुकानदार ५० एमएम, एफ १.८ घ्या म्हणतो. पैसे जमवेन, पण दोष लेन्सचाच आहे का?

प्रतिसाद १

लेन्स घेऊ नकोस, निदान या फोटोसाठी तरी नको. १.८ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र इतकं मोठं उघडल्यावर, आत्या स्वच्छ येईल, पण तुला हवा तो किल्लाच मागे विरघळून जाईल.

खरी अडचण उजेडाच्या दिशेची आहे. आपला समुद्र पश्चिमेला, त्यामुळे संध्याकाळी सूर्य किल्ल्याच्या बाजूला, आत्याच्या पाठीशी असतो. कॅमेरा चौकटीतल्या उजेडाची सरासरी काढून ती मध्यम करड्यावर आणू पाहतो. आभाळ झगझगीत असलं की तो सगळंच दाबतो आणि चेहरा अंधारात जातो.

सकाळच्या लिलावाला जा. तेव्हा सूर्य डोंगराकडून, तुझ्या पाठीमागून येतो, आणि एकच उजेड तिच्या चेहऱ्यावरही पडतो, किल्ल्यावरही. फार उशीर करू नकोस, ऊन डोक्यावर आलं की डोळ्यांच्या खोबणीत सावल्या पडतात. लेन्स ३५ एमएमच्या आसपास, एफ ८ (छिद्र लहान, म्हणजे किल्लाही स्पष्ट), शटर १/२५० सेकंदाहून संथ नाही, कारण बोली चालू असताना हात थांबत नाहीत. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता, ऑटोवर चालेल. फाइल रॉ ठेव, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली, नंतर सुधारता येणारी.

प्रतिसाद २

संध्याकाळच हवी असेल तर सूर्य बुडल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा. आभाळ आणि चेहरा यांच्यातला फरक बराच कमी होतो.

आणि कळकळीने सांगतो, वाळूवर लेन्स काढू नका. घरी आल्यावर कॅमेरा किंचित ओलसर मऊ कापडाने पुसा, मिठाचे कण कोरडे घासले तर ओरखडे पडतात. पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. आपल्याकडच्या दमट हवेत लेन्सला बुरशी धरते आणि ती आतून काढणं खर्चाचं काम.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आज सकाळी गेलो. चेहरा आला! कपाळावरचं कुंकू, कानातल्या कुड्या, मागे तटबंदी, सगळं दिसतंय. आत्याने स्क्रीनवर बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "पाटीतली पापलेटं का अशी पांढरीफटक?" खरंच, त्यांच्या अंगावरची रुपेरी झाक पार उडालीय. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन उणे करू का? चेहरा पुन्हा काळा नाही ना पडणार?

प्रतिसाद १

उणे ०.७ कर आणि हिस्टोग्राम (स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख) उजव्या कडेला चिकटत नाही ना, ते बघ. चेहरा थोडा दबेल, पण रॉमधून सहज वर काढता येतो. उडालेलं पांढरं मात्र परत येत नाही. उद्या सकाळी पुन्हा जा.