मदत हवी आहे: गुरांची प्लास्टिकची डोण खाऱ्या पाण्याच्या टँकचा संप म्हणून चालेल का? (ऐरोली)

ऐरोलीचा खारट

नमस्कार मंडळी,

आधी भानगड सांगतो, मग प्रश्न.

घरी तिसऱ्या मजल्यावर हॉलमध्ये ४ बाय दीड बाय २ फुटांचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे. दोन क्लाउन फिश, एक गोबी, दोन क्लीनर कोळंब्या आणि काच साफ करणाऱ्या गोगलगाई. कोरल (प्रवाळ) नाहीत. खाली स्टँडमध्ये काचेचा संप, म्हणजे टँकमधून ओसंडणारं पाणी (ओव्हरफ्लो) जिथे उतरतं आणि पंप जिथून ते परत वर पाठवतो (रिटर्न) ती खालची टाकी. २ फूट बाय १ फूट, उंची १४ इंच. चालू असताना पाणी १० इंचांवर असतं. तीन वर्षं कटकट नव्हती.

गेल्या महिन्यात रात्री लाइट गेली आणि आम्ही घोरत राहिलो. सकाळी हॉलमध्ये पाय टाकला तर फरशी चिकट, कडेला मिठाची पांढरी रेघ. नऊ-दहा लिटर सहज सांडलं असेल. नऊ वाजता खालचे काका वर आले. त्यांच्या पीओपीतून थेंब टपकत होते. मी बाथरूमच्या पाइपवर ढकलायला तोंड उघडणार, तेवढ्यात काका म्हणाले, "मी बोट लावून चाखून बघितलंय. खारट आहे. म्हणजे तुमचंच."

रंगाऱ्याचे पैसे मी दिले. आता संप मोठा करायचा ठरवलंय, पण स्टँडमध्ये याहून मोठी काच शिरत नाही. मुरबाडजवळ मामाच्या गोठ्यात काळ्या जाड प्लास्टिकची लांबट डोण आहे, म्हशींना पाणी पाजायची. ४ फूट बाय २ फूट, खोली दीड फूट. मामा नवी घेणार आहे, जुनी घेऊन जा म्हणतो. अमेरिकेतले लोक रबरमेड कंपनीच्या १०० गॅलनच्या, म्हणजे ३७८ लिटरच्या, गुरांच्या टाक्या तळघरात ठेवून त्याचे संप करतात हे वाचलंय. आपल्याकडे तळघर कुठलं! माझ्याकडे ड्राय बाल्कनी आहे. तिची खिडकी नेमकी टँकच्या मागे येते, आणि ओव्हरफ्लोचं भोक मागच्या काचेला वरच्या बाजूला आहे, त्यामुळे पाइप खिडकीतून बाहेर काढता येतील.

हे प्लास्टिक खाऱ्या पाण्यात काही सोडतं का? आत काचेच्या पट्ट्या सिलिकॉनने चिकटवून कप्पे करता येतील का? बाल्कनी वजन पेलेल का? आणि मुळात मी मूर्खपणा करतोय का, हेही सांगा. घरातून तसं मत आलेलं आहेच.

दिवा-पनवेल

शीर्षक वाचून वाटलं मुरबाडच्या गुरांनी संप पुकारला.

काकांना मानलं. एवढ्या तयारीने आमच्या सोसायटीचा प्लंबर पण येत नाही.

गप्पी ते गोबी

डोणीकडे नंतर वळू. आधी तुमचं पाणी कशामुळे सांडलं ते बघा, नाहीतर मोठा संप घेऊनही मूळ दुखणं तसंच राहील.

तुमच्या टँकमधलं एक इंच पाणी म्हणजे अर्धा घनफूट, साधारण १४ लिटर. पंप बंद पडला की रिटर्नचा पाइप उलटा सायफन होऊन टँकचं पाणी खाली ओढतो आणि तोंडात हवा शिरेपर्यंत थांबत नाही. तुमचं रिटर्नचं तोंड पाण्याखाली किती आहे? दीड इंच असेल तर २१ लिटर. शिवाय ओव्हरफ्लोच्या खोक्यातलं आणि पाइपातलं सहा-सात लिटर. एकूण २८ धरा. तुमच्या संपात वरचे ४ इंच मोकळे, म्हणजे जागा १९ लिटरची. उरलेले नऊ लिटर काकांकडे गेले.

पण मग तीन वर्षं का नाही सांडलं? या तीन वर्षांत लाइट गेलीच नाही असं ऐरोलीत राहून सांगू नका. रिटर्नच्या पाइपला पाण्याच्या पातळीलगत छोटं भोक आहे का, हवा शिरायला?

ऐरोलीचा खारट

दोन भोकं आहेत, पातळीखाली साधारण अर्ध्या इंचावर. सेटअप करून देणाऱ्याने पाडली होती, कशासाठी ते मी कधी विचारलं नाही. तुमचा प्रतिसाद वाचून स्टूल घेऊन चढलो. दोन्ही बुजलीत. गुलाबी-जांभळा खडूसारखा कडक थर आहे, टाचणी पण जाईना. शेवटी दाढीच्या ब्लेडच्या टोकाने खरवडून काढला. रिटर्नचं तोंड दीड इंच खालीच आहे.

म्हणजे भोकं उघडी होती तोवर अर्ध्या इंचाचे ७ आणि खोक्या-पाइपांतले ७, असे १४ लिटर यायचे आणि मावायचे. बुजली त्या रात्री २८ आले.

गप्पी ते गोबी

तो खडू म्हणजे कोरलाइन शेवाळ. टँक निरोगी असल्याची खूण, फक्त चुकीच्या जागी. दर पंधरवड्याला टूथब्रश मारा. नॉन रिटर्न व्हॉल्व (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) बसवा असा सल्ला कोणी देईल, त्याच्या भरवशावर झोपू नका. त्याच्या झडपेवर हाच थर बसतो आणि ती अर्धवट उघडी राहते.

तरी मोठा संप घ्याच. भोकं बुजलेली आहेत असं धरूनच मोकळी जागा ठेवायची असते. शिवाय पाणी जास्त म्हणजे तापमान आणि खारेपणा हळू बदलतो, चुकलं तर सावरायला वेळ मिळतो.

प्लास्टिकबद्दल. चांगली डोण पॉलिथिलीनची असते. मीठ त्याला काही करत नाही, आणि तेही पाण्यात काही सोडत नाही. भीती स्वस्त काळ्या मालाची. भंगार वितळवून केलेले टब बाजारात भरपूर आहेत, आणि त्या भंगारात आधी काय होतं ते बनवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. पिण्याच्या पाण्याच्या रोटोमोल्ड (फिरत्या साच्यात केलेल्या) टाक्यांना आयएस १२७०१ हे मानक आहे, पण डोण त्यात येतेच असं नाही. म्हणून नवी घ्यायची तर पिण्याच्या पाण्याच्या टाक्या करणाऱ्याचीच घ्या, आणि ती पिण्याच्या पाण्यासाठी चालेल असं त्याच्याकडून लिहून घ्या.

सिलिकॉन विसरा. पॉलिथिलीनला ते चिकटत नाही. वाळल्यावर कोपरा नखाने उचला, अख्खी पट्टी सोलून हातात येते.

मुरबाडी

मी मासेवाला नाही, आमच्याकडे बारा म्हशी आहेत. धागा सहज उघडला आणि राहवलं नाही.

दादा, मामाची जुनी डोण घेऊ नका. ती धुतली तरी नको. गोठ्यातली डोण फक्त पाण्याला वापरतात हा शहरातल्या माणसांचा गैरसमज. पावसाळ्यात खुरं कुजतात, तेव्हा मोरचूद कालवून त्यात जनावरांचे पाय बुडवतात. शेवाळ धरलं तरी चिमूटभर मोरचूद. गोचिडांचं औषध फवारायच्या आधी कालवायचं ते हाताशी असेल त्या भांड्यात. मामाला नीट विचारा. दुसरं, डोणीला पाणी आपोआप भरायचा बॉल कॉक असेल तर तो बहुतेक पितळी निघेल.

गप्पी ते गोबी

मुरबाडी, तुम्ही यांच्या कोळंब्या वाचवल्यात.

मोरचूद म्हणजे तांबं, आणि पितळेतही तांबंच. म्हैस ते पचवते. कोळंबी, गोगलगाय, शंखातला खेकडा यांना त्याचा अंशही मारतो. गोचिडांच्या औषधात सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन असतं. गोचीड आणि कोळंबी दूरचे का होईना पण भाऊबंद, त्यामुळे एकाला मारणारं दुसऱ्याला सोडत नाही. मासेही वाचत नाहीत. अशी औषधं प्लास्टिकच्या अंगात मुरतात, साबणाने निघत नाहीत. जस्ताचा मुलामा दिलेली पत्र्याची डोण तर दारातूनच परत पाठवा.

ऐरोलीचा खारट

मामाला फोन केला. आधी म्हणाला, "स्वच्छ आहे रे, म्हशी रोज पितात. तुझे मासे काय म्हशींपेक्षा नाजूक?" मी म्हटलं, हो मामा. मग मोरचूदाचं विचारलं. थोडा वेळ गप्प. "मागच्या श्रावणात कालवला होता खरा. पण नंतर घासली की!"

जुनी डोण रद्द. नवीच बघतो.

सळई-सिमेंट

स्थापत्य अभियंता आहे, त्यामुळे सगळे माशांबद्दल बोलत असताना मला बाल्कनी दिसते.

घरातल्या खोलीचा स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलो वापराचा भार धरून करतात. तुमची डोण पाऊण चौरस मीटर जागा घेणार. काठोकाठ भरली तर ३४० लिटर, समुद्राच्या पाण्याची घनता १.०२५, म्हणजे साडेतीनशे किलो. दचकू नका. तो आकडा खोलीभर पसरलेल्या भाराचा असतो, एका कोपऱ्यात जास्त वजन आलं की लगेच स्लॅब पडतो असं नाही. पण बाल्कनी कशावर उभी आहे याने सगळा फरक पडतो. नुसती भिंतीबाहेर काढलेली असेल तर तिच्या कठड्याकडच्या कडेला मी कुंड्यांची रांगसुद्धा लावू देणार नाही. तीन बाजूंनी तुळया आणि कोपऱ्यात खांब असेल तर गोष्ट वेगळी. इमारत जुनी असेल, सळई गंजून प्लास्टर फुगलं असेल, तर विषय संपला.

फोटोवरून मत देणार नाही. सोसायटीच्या अभियंत्याला घरी बोलवा, चहा पाजा, लेखी घ्या. काका तुमच्या अगदी खालीच राहतात हे लक्षात असू द्या.

दिवा-पनवेल

डोणच का पण? लॉफ्ट टँक घ्या ना. चौकोनी, सपाट भिंती, पिण्याच्या पाण्याचा, आपल्याकडे कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे मिळतो.

गप्पी ते गोबी

मीही तेच करून बघितलंय. त्याच्या झाकणातून हात जातो, स्किमर (बुडबुड्यांनी पाण्यातली घाण काढणारं यंत्र) जात नाही. म्हणून वरचा भाग कापला, तर पाणी भरल्यावर दोन्ही बाजू बेडकासारख्या फुगल्या. ती टाकी झाकलेली असते तोवरच मजबूत. डोण मुळात उघडीच बनवतात, तिच्या काठाला बाहेर वळवलेली जाड कड असते, वर म्हैस रेलणार हे धरलेलं असतं. खाऱ्या पाण्याच्या कामाला तिचा खरा फायदा हा आहे.

तोटा म्हणजे भिंती तिरक्या आणि गोलसर. त्यामुळे बाजूला भोक पाडून टँक निपल (पाइप जोडायचा तुकडा) बसवू नका. वॉशर वाकड्या भिंतीवर नीट टेकत नाही आणि थेंब थेंब गळत राहतं. डोणीला भोकच पाडायचं नाही. ड्रेन, म्हणजे टँकमधून खाली येणारा पाइप, वरून आत सोडा, रिटर्नचा पंप आत बुडवा. तळाला बूच असलं तर काढून बघा, आत धातू नको.

कप्प्यांसाठी रबाळे एमआयडीसीत रसायनांच्या टाक्या करणारे वेल्डर आहेत. हॉट एअर गनने पॉलिथिलीनची शीट आत जोडून देतात. शीट आणि वेल्डिंगची काडी दोन्ही पॉलिथिलीनचीच हवी, पॉलिप्रॉपिलीन त्याला जुळत नाही. पण माझं मत, कप्पे करूच नका. कप्पा लागतो कशाला? स्किमरला पाण्याची खोली कायम एकसारखी लागते म्हणून. त्यासाठी डोणीत एक चौकोनी टब ठेवा, खाली पीव्हीसी पाइपाचं ३ इंचांचं स्टूल. टबाचा काठ स्किमरला हवा त्या उंचीवर कापा, तुमच्या स्किमरला ८ इंच लागत असेल तर ८. ड्रेन टबात सोडा. टब भरून वाहत राहील, त्यातली पातळी काठाला बांधलेली. पाणी आटलं तर बाहेर डोणीत कमी होईल, स्किमरला कळणारही नाही. बुडबुडेही बरेचसे टबातच फुटतात. टबाच्या तळाला दगड ठेवा, नाहीतर रिकामा असताना तरंगतो.

आटलेल्या पाण्याच्या जागी गोडं आरओचं पाणी घाला, खारं नाही. मीठ आटत नाही.

ऐरोलीचा खारट

दगडावरून आठवलं. रत्नागिरीचा एक मित्र किनाऱ्यावरचा लाइव्ह रॉक, म्हणजे जिवाणू वसलेला समुद्रातला खडक, आणून देतो म्हणतोय. आता जागा आहे तर टाकू का?

गप्पी ते गोबी

अजिबात नाही. तो खडक बहुतेक कोरलचा सांगाडा असतो, आणि कोरल १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मेलेलं असलं तरी सुटका नाही. भट्टीत केलेला सिरॅमिक दगड घ्या, जिवाणू त्यावरही वाढतात. मित्राला म्हणावं आंबे आण.

ऐरोलीचा खारट

तीन आठवड्यांनी अपडेट देतोय, माफ करा.

अभियंता येऊन गेले. बाल्कनीला तीन बाजूंनी तुळया आहेत, कोपऱ्यात खांब आहे. डोण खांबालगत ठेवा, कठड्यापासून लांब, आणि अर्ध्याच्या वर भरू नका असं लिहून दिलं. तसं पाणी ९ इंच ठेवलंय, साधारण १७० लिटर. मिठाचं पोतं बघून मात्र पोटात गोळा आला, लिटरला ३६ ग्रॅमने सहा किलोच्या वर गेलं.

नवी डोण भिवंडीहून आणली. व्हिनेगरने धुतली, आठवडाभर गच्चीवर साधं पाणी भरून ठेवली. मधोमध रुंदी आधी टेपने मोजून ठेवली होती, भरल्यावर अर्धा इंच वाढली आणि तिथेच थांबली. बॉल कॉक होता, पितळीच. काढून प्लास्टिकचा लावला. दुपारच्या उन्हासाठी हिरवी जाळी बांधली. काळं प्लास्टिक ऊन खातं, पहिल्या दिवशी पाणी २९ अंशांवर गेलं होतं. आता २७ आहे. पंख्याच्या वाऱ्याने पाणी आटून गार होतं, त्यावर अजून भागतंय, पावसाळ्यात दमट हवेत पाणी आटणार नाही तेव्हा चिलरचं बघावं लागेल.

रविवारी परीक्षा घेतली. रिटर्नच्या दोन्ही भोकांवर मुद्दाम चिकटपट्टी लावली आणि पंपाचं बटण बंद केलं. खालच्या काकांना बोलावलं होतं, ते टॉर्च घेऊन डोणीशेजारी उभे. पाणी दीड इंच चढलं आणि थांबलं. काठाला अजून साडेसात इंच शिल्लक. काकांनी स्वतः पट्टी लावून मोजलं आणि मग पीओपीचा विषय काढलाच, पण हसत.

मुरबाडी, तुमचे विशेष आभार. मामाला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. म्हणाला, माणूस बरोबर बोलतोय, पण नव्या डोणीत त्याने मासे सोडले तर मी म्हशी सोडायला येईन.

एक राहिलं. उभा पाइप लांब झाल्यामुळे ड्रेन रात्रभर गुळगुळ करतो, बेडरूमपर्यंत येतं. त्याचा वेगळा धागा काढतो, तिकडे या.