चाच्यांच्या थ्रिलरमध्ये खलाशी कुठे असतात?

सेकंड_इंजिनिअर:
रात्रवाचक यांनी काल लिहिलं की सोमाली चाच्यांनी पळवलेल्या 'रुएन' जहाजाची सुटका म्हणजे आयती कादंबरी. मार्च 2024, 'आयएनएस कोलकाता', विमानातून समुद्रात उतरलेले मार्कोस म्हणजे नौदलाचे कमांडो, 40 तास, 35 चाचे शरण, 17 खलाशी सुखरूप. लेखकाने फक्त नावं बदलायची. डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय. ते 17 जण डिसेंबरपासून ओलीस होते. त्या तीन महिन्यांवर तुमची अर्धी ओळ नाही.

2011 मध्ये मी एडनच्या आखातातून गेलोय. रेलिंगला काटेरी तार, बॉयलर सूटमध्ये चिंध्या भरून उभी केलेली बुजगावणी, रात्री दिवे बंद. एकदा अलार्म वाजला. स्टिअरिंग गिअर रूम हीच आमची सिटाडेल, म्हणजे आतून बंद करून लपायची खोली. बावीस माणसं, एक बादली, पाच तास. शेवटी त्या साध्या मासेमारी बोटीच ठरल्या. पण त्या पाच तासांत आमच्यात कुणी शूर नव्हतं.

थ्रिलरच हवा तर 'अस्फाल्ट व्हेंचर' हे जहाज घ्या. सप्टेंबर 2010 मध्ये पळवलं, पंधराही भारतीय. एप्रिल 2011 मध्ये खंडणी पोचली, जहाज सुटलं, पण सातजणांना ठेवून घेतलं, कारण शंभरावर चाचे भारताच्या कैदेत होते. ते सात सुटले ऑक्टोबर 2014 मध्ये.

रात्रवाचक:
अनुभवाबद्दल आदर आहे. पण चार वर्षांची वाट बघणं तीनशे पानं कोण वाचेल? मी लोकलमध्ये उभ्याने वाचतो. चाचे वाईट, नौदल चांगलं, एवढं सरळ असलं की पानं उलटतात.

दीपस्तंभ:
सरळ? नोव्हेंबर 2008 मध्ये 'आयएनएस तबर'ने चाच्यांची मदर शिप (जिच्यावरून त्यांच्या छोट्या बोटी सुटतात) म्हणून बुडवलेलं जहाज पळवलेला थाई ट्रॉलर होता. ओलीस आतच होते. एक वाचला. मला नौदलाचा अभिमान आहे, तरी हे प्रकरण गाळून लिहिलेली कादंबरी मी वाचणार नाही.

अलिबागकर:
आधी 'चाचे' शब्द जपून वापरा. इंग्रजांनी कान्होजी आंग्र्यांनाही पायरेटच म्हटलं. शाहू महाराजांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख ते! दस्तक (परवाना) नसलेलं जहाज अडवणं हा त्यांचा हक्क होता.

दीपस्तंभ:
म्हणून सोमाली टोळ्या आणि सरखेल एका पंगतीत?

अलिबागकर:
मी तसं म्हटलेलं नाही, नीट वाचा. पण 1991 नंतर सोमालियात सरकार कोसळलं आणि परक्या ट्रॉलर्सनी मासे उपसले, हेही खरं. आमच्याकडे एलईडी दिवे लावून पर्ससीनवाले (मोठ्या वेढा-जाळ्यांचे) तेच करतात. माझ्या मामाने गेल्या वर्षी बोट विकली. पोटावर पाय आला की माणूस काय करतो, ते पुण्यात बसून कळत नाही.

दीपस्तंभ:
पुणं कशाला मध्ये? मामांचं वाईट वाटलं. पण त्यांनी बंदूक नाही उचलली, बोट विकली. फरक तोच आहे.

अलिबागकर:
आणि 1756 मध्ये विजयदुर्गावर इंग्रजांना सोबत घेऊन मराठ्यांचंच आरमार कुणी जाळू दिलं? पेशव्यांनी. त्यावर कादंबरी लिहा!

दीपस्तंभ:
त्या आरमाराचे प्रमुख तुळाजी आंग्रे कुणाला जुमानत नव्हते, तेही लिहा मग. तरी जाळणं चूकच होती. एवढं मान्य करतो, पुढे नाही.

कुलाब्याची_कोळीण:
दादांनो, तुमचं आरमार होऊ दे. 26/11 वर एवढं लिहिलं गेलं, अतिरेक्यांनी पळवलेल्या 'कुबेर' ट्रॉलरवरच्या पाचजणांना किती ओळी मिळाल्या? तांडेल (बोटीचा कप्तान) आणि चार खलाशी, पाचही मारले. सगळ्या गोष्टी सुरू होतात अतिरेकी आमच्या बधवार पार्कला उतरल्यावर. माझा नवरा त्या आठवड्यात दर्यावर होता. तो परत येईपर्यंत मी चूल पेटवली नव्हती.

रात्रवाचक:
ताई, यावर वाद नाही. बरं, पहिलं प्रकरण सिटाडेलमध्ये घेतो. पण गोळीबार काढणार नाही.

सेकंड_इंजिनिअर:
ठेवा. फक्त आत बसलेल्याला गोळी दिसत नाही, लोखंडी प्लेट दणदणते तेवढंच. मग कुणीतरी दारावर मारतं. चाचे की नौदल, ते उघडेपर्यंत कळत नाही.