घरासमोरच्या गाडीला नो पार्किंगचे ई-चलन: हरकत कशी घ्यावी?

प्रश्न: यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी आमचे घर बाजाररस्त्यावर आहे. गेल्या आठवडी बाजाराच्या दिवशी माझी गाडी नेहमीप्रमाणे घरासमोर उभी असताना 500 रुपयांचे ई-चलन आले. तेथे फलक नाही. घरपट्टी मात्र आम्ही वर्षानुवर्षे भरतो. हरकत घेता येईल काय?

उत्तर 1: भाऊ, घरपट्टीचा मुद्दा सोडून द्यावा. घरासमोरचा रस्ता सार्वजनिक असतो आणि घरपट्टीमुळे त्यावर गाडी उभी करण्याचा हक्क मिळत नाही. फलकाचा मुद्दा मात्र वजनदार आहे, कारण मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 116 मध्ये असे निर्बंध लोकांना कळावेत म्हणून वाहतूक चिन्हे उभारण्याची तरतूद आहे. आजच रस्त्याच्या दोन्ही टोकांची, तारीख दिसेल अशी छायाचित्रे घ्यावीत. उद्या फलक लागला तर आपण काय दाखवणार?

उत्तर 2: दंड आधी भरू नये. तडजोड शुल्क, म्हणजे न्यायालयात न जाता भरलेली दंडाची रक्कम, भरले की त्याच अधिनियमाच्या कलम 200 नुसार प्रकरण तेथेच मिटते. चलनासोबतचे छायाचित्र, गाडीचा क्रमांक व ठिकाण तपासून वाहतूक पोलिसांच्या ॲपवर तक्रार नोंदवावी आणि नगरपरिषदेकडे माहितीच्या अधिकारात त्या रस्त्यावरील पार्किंगबंदीच्या आदेशाची प्रत मागावी. अर्जाचे शुल्क 10 रुपये आहे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. छायाचित्रात गाडीमागे संत्र्यांची हातगाडी दिसते, फलक कोठेच दिसत नाही. अर्ज सोमवारी देतो.