जुन्या पिकअपचा अ‍ॅव्हरेज वाढवण्यासाठी कोणते बदल खरोखर उपयोगी पडतात?

वरूडकर

नमस्कार. माझ्याकडे २००९ सालची बोलेरो पिकअप आहे. अडीच लिटरचे टर्बो डिझेल इंजिन आणि इंजिनाला डिझेल पुरवणारा मेकॅनिकल पंप. गाडी सेकंडहँड घेतलेली आहे. आंबिया बहाराच्या दिवसांत तिच्यावर संत्र्याचे कॅरेट काटोलमार्गे नागपूरला कळमन्याच्या बाजारात जातात, त्यानंतर कापूस जिनिंगला, सोयाबीन आणि तूर बाजार समितीत, आणि उरलेल्या काळात खते, बियाणे व पांदण रस्त्याने शेतातला माल. हंगामात महिन्याला साधारण दोन हजार किलोमीटर होतात. घेतली तेव्हा लिटरला बाराच्या आसपास किलोमीटर मिळत होते. आता ते ९.८ वर आले आहे. मध्यंतरी ओझ्याला बरे पडतील म्हणून मूळच्या २१५/७५ आर १५ टायरांच्या जागी २३५/७५ आर १५ टायर बसवून घेतले आहेत.

नवी गाडी घेण्याची सध्या सोय नाही, त्यामुळे आहे त्याच गाडीत काही बदल करून डिझेल वाचवता येईल का, असा विचार आहे. जो तो वेगळे सुचवतो. रेडिएटरचा पंखा काढून इलेक्ट्रिक पंखा लावणे, केबिनवर हवा कापणारा फायबरचा पत्रा बसवणे, डिझेलच्या नळीवर लोहचुंबकाचे यंत्र लावणे, मागचे क्राऊन-पिनियन (मागच्या चाकांना गती देणारी दातेरी चाकांची जोडी) बदलणे आणि सीएनजी करून घेणे, एवढे सल्ले आतापर्यंत मिळाले आहेत. एका ठिकाणी तर या सगळ्याचा मिळून चाळीस हजारांचा अंदाज दिला. ज्यांनी अशी कामे केली किंवा करवून घेतली आहेत, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

नोझलवाला, यवतमाळ

भाऊ, आधी चाळीस हजारांचा हिशेब पाहू. दोन हजार किलोमीटरला दहाच्या अ‍ॅव्हरेजने दोनशे लिटर डिझेल लागते. बदल करून अकराचा अ‍ॅव्हरेज मिळाला, तर सुमारे १८२ लिटर लागेल, म्हणजे अठरा लिटर वाचतील. लिटरचा भाव नव्वद रुपये धरला तर महिन्याचे सोळाशे रुपये हाती राहतात, आणि तेही हंगामातल्या महिन्याचे. चाळीस हजार भरून निघायला हंगामासारखेच चोवीस-पंचवीस महिने हवेत. म्हणून नवे काही बसवण्याआधी गाडीत मुळात जे असायला हवे ते जागेवर आहे का, हे पाहणे स्वस्त पडते.

मी डिझेलचा पंप आणि नोझल (इंजिनात डिझेल फवारणारी टोके) यांचेच काम करतो, त्यामुळे माझे मत तिकडे झुकलेले वाटेल. तेव्हा आधी बाकीचे सांगतो. मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस किलोमीटर गाडी चालवा, शेवटी ब्रेक जोरात न दाबता तिला आपोआप मंदावू द्या, आणि उतरून चारही चाकांच्या हबजवळ, म्हणजे मधल्या भागाजवळ, हाताची मागची बाजू न्या. एखादे चाक इतरांपेक्षा स्पष्ट गरम लागले, तर त्याचा ब्रेक सुटत नाही किंवा बेअरिंग आवळलेले आहे. पांदणीच्या चिखलात फिरणाऱ्या गाड्यांची हँडब्रेकची केबल आतून गंजून अर्धवट ओढलेली राहते आणि मागचे लायनर दिवसभर ड्रमला घासत राहतात. चालवणाऱ्याला काही कळत नाही. डिझेल मात्र जळत राहते. जॅकवर उचलून चाक हाताने फिरवले की लगेच लक्षात येते.

दुसरी गोष्ट थर्मोस्टॅटची, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेची. आपल्या विदर्भात पारा पंचेचाळिशीपार गेला आणि गाडी एकदा गरम झाली, की थर्मोस्टॅट काढून फेकायचा, ही गॅरेजांची जुनी रीत आहे, आणि सेकंडहँड गाडीत तो जागेवर सापडला तर नशीब समजावे. तो नसला की पाणी सतत रेडिएटरमधून फिरते, हिवाळ्याच्या पहाटे तर इंजिन बराच वेळ कामाच्या तापमानापर्यंत पोहोचतच नाही, ऑइल घट्ट राहते आणि डिझेल पुरते जळत नाही. तापमानाचा काटा नेहमी खालच्या बाजूलाच राहत असेल, तर चालक खूश असतो की गाडी गरम होत नाही. खरे तर ती जेवढी तापायला हवी तेवढी तापत नसते.

कापसाच्या गाड्यांचा आणखी एक खास आजार आहे. जिनिंगच्या आवारात उभ्या राहणाऱ्या गाडीच्या रेडिएटरवर आणि असलाच तर इंटरकूलरवर (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीवर) रुईचे तंतू बसतात, त्यावर काळ्या मातीची धूळ चिकटते, आणि बाहेरून जाळी दिसते तशी दिसली तरी आतल्या पट्ट्यांमध्ये नमद्यासारखा थर तयार होतो. इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेला हलक्या दाबाने हवा आणि पाणी मारून तो काढावा लागतो. एअर फिल्टरकडेही तेवढेच लक्ष द्या. मेकॅनिकल पंप असलेल्या इंजिनात हवा कमी पडली तरी पंप पूर्वीइतकेच डिझेल सोडत राहतो, आणि जास्तीचे डिझेल काळ्या धुराच्या रूपाने बाहेर पडते.

आता माझ्या कामाचे. गाडीची पिकअप, म्हणजे ओढ, वाढवून मागितली की पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवून देणारे पुष्कळ आहेत. गाडी ओढायला लागते, गिऱ्हाईक खूश होते, आणि त्या दिवसापासून चढावर काळा धूर सुरू होतो. आपल्या गाडीचा पंप आधीच्या मालकाने असा वाढवून घेतला आहे का, हे पंपाच्या टेस्ट बेंचवरच नीट कळते. नोझल टेस्टरवर लावले की त्यातून धुक्यासारखा बारीक फवारा निघायला हवा आणि दाब सोडल्यावर टोकाशी थेंब लोंबकळू नये. थेंब दिसला तर ते नोझल गेले. टर्बोपासून (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या भागापासून) इंजिनापर्यंतच्या रबरी नळ्यांची क्लिपेही तपासून घ्या. तिथून हवा गळत असेल तर पंप दुरुस्त करूनही धूर थांबणार नाही.

यंत्रशिक्षक, अमरावती

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, परंतु दुरुस्तीला हात लावण्यापूर्वी आपण दिलेला ९.८ हा आकडाच तपासून घ्यायला हवा. २१५/७५ आर १५ टायरचा व्यास सुमारे ७०.४ सेंटिमीटर भरतो आणि २३५/७५ आर १५ चा सुमारे ७३.४. म्हणजे चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात गाडी पूर्वीपेक्षा चार टक्क्यांहून थोडी अधिक पुढे जाते, पण मीटर मात्र जुन्याच हिशेबाने किलोमीटर मोजतो. त्यामुळे आपला खरा अ‍ॅव्हरेज १०.२ च्या जवळपास असणार. शंका असल्यास महामार्गावरील किलोमीटरचे दगड पाहून वीस-पंचवीस किलोमीटरचा मीटर पडताळून पाहावा. मोजणी नेहमी टाकी फुल ते टाकी फुल अशीच करावी, एकाच पेट्रोल पंपावर, डिझेल भरायची नळी आपोआप बंद होईल तिथपर्यंत, आणि रिकामी व भरलेली गाडी यांची नोंद वेगळी ठेवावी; अन्यथा संत्र्याचा महिना आणि खताचा महिना यांची तुलना करून आपण भलताच निष्कर्ष काढाल.

याच मोठ्या टायरमुळे गाडीचे एकंदर गिअरिंगही तेवढेच लांब झाले आहे, म्हणजे इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी जास्त अंतर जाते. सपाट रस्त्यावर ते थोडे फायद्याचे ठरते, भरलेली गाडी उचलताना मात्र क्लचवर आणि इंजिनावर ताण येतो. क्राऊन-पिनियन बदलून जे साधायचे, त्यातला काही भाग आपल्याकडून नकळत आधीच झालेला आहे. त्यावर आणखी खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. टायरमधील हवा आठवड्यातून एकदा, गाडी थंड असताना, कंपनीने ओझ्यानुसार दिलेल्या तक्त्याप्रमाणे भरावी. चारही टायरमध्ये एक पौंड हवा कमी असेल तर सुमारे ०.२ टक्के इंधन जास्त लागते, असा अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा आकडा आहे. वाचायला हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण पंक्चरवाल्याच्या अंदाजावर चालणाऱ्या गाडीत दहा-पंधरा पौंडांची तूट सहज निघते. पुढच्या वेळी टायर घेताना नायलॉनचे न घेता रेडिअलच घ्यावेत. रेडिअल टायर लोळण्यात कमी शक्ती खातात.

आता हवेच्या अवरोधाविषयी. हा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० ऐवजी ८० ने गेल्यास तो जवळपास १.८ पट होतो. काटोल ते नागपूर हे अंतर साधारण साठ किलोमीटर धरले, तर ८० ने गेल्याने केवळ पंधरा मिनिटे वाचतात. लिलावाची वेळ गाठायची असेल तर पंधरा मिनिटे आधी निघणे हा सर्वांत स्वस्त बदल आहे.

केबिनवरचा पत्रा सरसकट उपयोगी नाही. कापूस भरताना हौद्याला अँगल आणि जाळी लावून माल केबिनच्या बराच वर नेलेला असेल, तर समोरच्या त्या सपाट भिंतीवर हवा आदळते आणि तिथे योग्य उताराचा पत्रा काही प्रमाणात मदत करतो. परंतु कॅरेट केबिनच्या उंचीपर्यंतच असतील किंवा गाडी रिकामी परतत असेल, तर तोच पत्रा उलट हवा अडवतो. आपल्या हिशेबात रिकामे परतीचे किलोमीटर पुष्कळ असणार. त्यापेक्षा ताडपत्री फडफडणार नाही अशी ताणून बांधणे आणि हंगाम संपल्यावर अँगल-जाळी व केबिनवरचे कॅरिअर काढून ठेवणे हे बिनखर्चाचे काम आहे. मागचा फाळका उघडा ठेवल्याने हवा सरळ निघून जाते, असा एक समज आहे. फाळका बंद असताना हौद्यात हवेचा एक भोवरा स्थिरावतो आणि वरचा प्रवाह त्यावरून सरकत जातो, त्यामुळे फाळका उघडून फायदा मिळत नाही. शिवाय नंबर प्लेट आणि दिवे झाकले जातात, ते वेगळेच.

परतवाडा ट्रान्सपोर्ट

चुंबकाच्या यंत्रावर एक रुपयाही घालवू नये. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभरहून अधिक उपकरणे तपासली आणि त्यांतल्या कशानेही लक्षणीय फरक पडल्याचे तिला आढळले नाही. पाण्यापासून हायड्रोजन काढून इंजिनाला देणाऱ्या किटचेही तेच आहे. त्यासाठी लागणारी वीज गाडीच्या अल्टरनेटरमधूनच (वीज तयार करणाऱ्या यंत्रातूनच) येते आणि अल्टरनेटर डिझेलवरच फिरतो.

डिझेल इंजिनात ठिणगी देणारा स्पार्क प्लगच नसतो, त्यामुळे पेट्रोल गाडीसारखे नुसते किट लावून सीएनजी करता येत नाही. इंजिनात मोठे फेरफार करावे लागतात, मान्यताप्राप्त किट आणि आरसी बुकात नोंद लागते, टाकीची दर तीन वर्षांनी चाचणी करावी लागते, आणि एवढे करून जवळ गॅसचा पंप असेलच असे नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाहीत, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही हीच बाब स्पष्ट केली. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस घ्यावे लागते. तिथे अडकण्यापेक्षा आणि अपघातानंतर विमा कंपनीशी वाद घालण्यापेक्षा जे काही कराल ते कागदात बसणारे करा.

चालकाला एक गोष्ट मात्र बजावून सांगा. उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडायची नाही. गिअरमध्ये असताना पाय काढला की पंप डिझेल तोडतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायलाच डिझेल लागते. आमच्याकडे चिखलदऱ्याच्या घाटात हे डिझेलपेक्षा जिवाचे काम आहे.

वरूडकर

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे तपासणी करून घेतली. मागचे उजवे हब हात टेकवत नव्हता इतके गरम निघाले. ड्रम उघडल्यावर हँडब्रेकची केबल अडकलेली आढळली आणि ती बदलली. थर्मोस्टॅटच्या घरात थर्मोस्टॅटच नव्हता. नोझल अद्याप काढलेले नाहीत, मात्र भरल्या गाडीला चढावर काळा धूर आहे.

दोन शंका राहिल्या. मेकॅनिक म्हणतात की थर्मोस्टॅट बसवला तर मे महिन्यात गाडी हमखास तापेल, तेव्हा तो बसवावा की नाही? आणि इलेक्ट्रिक पंख्याविषयी कोणी काही बोलले नाही.

नोझलवाला, यवतमाळ

पंख्याचे आधी सांगतो. बेल्टवरचा पंखा शक्ती खातो हे खरे, आणि फेरे वाढतात तशी ती फार झपाट्याने वाढते. परंतु भरल्या गाडीने उन्हाळ्यात दुपारी चढ चढताना लागेल तेवढी हवा खेचणारा इलेक्ट्रिक पंखा, त्याला पुरेल एवढा अल्टरनेटर, रिले आणि तापमानाचा स्विच हे सगळे चांगल्या दर्जाचे घ्यावे लागते, आणि यातले एक जरी ऐन वेळी बंद पडले तर इंजिन तापून हेड गॅस्केटचा (इंजिनाच्या वरच्या भागाखालच्या सीलचा) खर्च आला. छोट्या गाडीला चालेल. माल वाहणाऱ्या गाडीत, आपल्या हवेत, मी सुचवणार नाही. आपल्या पंख्याला व्हिस्कस क्लच (इंजिन गार असताना पंखा सैल सोडणारा जोड) असेल तर तो जाम झालेला नाही ना, एवढे पाहून घ्या. जाम झाला असेल तर गार इंजिनातही पंखा पूर्ण वेगाने घोंघावत राहतो.

थर्मोस्टॅट जरूर बसवा. ठरलेल्या तापमानाला, बहुतेक डिझेल गाड्यांत ८० अंशांच्या थोडे वर, तो उघडू लागतो आणि पुढे पूर्ण उघडतो; मे महिन्यात तो उघडाच राहील, वाटेत अडणार नाही. उलट काही इंजिनांत तो नसला की पाण्याचा काही भाग रेडिएटरला न जाता बायपासमधून परत इंजिनातच फिरतो आणि ओझ्यावर गाडी जास्त तापते. मे महिन्यात गाडी तापत असेल तर दोष रेडिएटरमध्ये, पाण्याच्या पंपात किंवा झाकणात शोधावा.

आपल्या मॉडेलच्याच आकड्याचा थर्मोस्टॅट घ्या आणि बसवण्याआधी पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने टांगून, सोबत थर्मामीटर ठेवून पाणी तापवा. त्यावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास तो उघडायला लागला आणि पाणी निवताना परत मिटला, तर ठीक. बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे आणि बारीक पिन असलेले छिद्र वरच्या अंगाला ठेवा, म्हणजे आत कोंडलेली हवा निघते. साधे पाणी न भरता कूलंट भरा, आणि हवा निघेपर्यंत इंजिन चालू ठेवून पातळी पुन्हा बघा. त्यानंतर दोन टाक्यांचा अ‍ॅव्हरेज मोजून इथे कळवा. नोझल काढायचे की नाही ते त्या आकड्यावरून आणि चढावरच्या धुरावरून ठरवू.