अमेरिकेतला क्रेडिट रिपोर्ट फ्रीझ करून परत कसा उघडायचा?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर): मुलगी अमेरिकेत शिकते. तिचा सोशल सिक्युरिटी नंबर (तिकडचा सरकारी ओळख क्रमांक) कुठूनतरी फुटलाय. पुढच्या महिन्यात क्रेडिट कार्डही काढायचंय. काय करू? आपल्याकडं रिपोर्ट फ्रीझ करायची सोय आहे का?

उत्तर १: ताई, आजच फ्रीझ करायला सांगा, म्हणजे तिचा कर्जफेडीचा रिपोर्ट नव्या बँकांना बघता येत नाही आणि तिच्या नावावर दुसऱ्याला कर्ज काढणं अवघड होतं. इक्विफॅक्स, एक्सपिरियन, ट्रान्सयुनियन या रिपोर्ट ठेवणाऱ्या तिन्ही कंपन्यांकडं वेगवेगळं करावं लागतं. एकीकडं केलं की झालं असं समजून लोक फसतात. 2018 पासून फुकट आहे. ऑनलाइन किंवा फोनवर एका कामकाजाच्या दिवसात फ्रीझ होतो, तासाभरात उठतो. पोस्टानं, पत्र पोचल्यावर कामकाजाचे तीन दिवस. विद्यार्थ्यांचा पत्ता सारखा बदलतो, म्हणून कधीकधी ऑनलाइन ओळख पटत नाही. मग ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा पोस्टानं पाठवायचा.

उत्तर २: कार्डाच्या वेळी बँकेला विचारा, कुणाचा रिपोर्ट बघणार? तेवढाच ठरावीक तारखांपुरता उघडा. जुन्या खात्यातला गैरवापर मात्र फ्रीझनं थांबत नाही, स्टेटमेंट तपासत राहायचंच.

उत्तर ३: भारतात फ्रीझचा असा कायदेशीर हक्क नाही. सिबिलसकट इथल्या रिपोर्ट ठेवणाऱ्या चारही कंपन्यांकडून वर्षाला एक रिपोर्ट मोफत मिळतो. त्यात अनोळखी कर्ज दिसलं तर लगेच तक्रार टाका. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर रोज 100 रुपये भरपाई मिळते.